बायडीच्या जागी

मित्रांनो, मी एक जुना फोर्क आहे. जेवणाच्या ताटाशेजारचा नव्हे हो, तेवढं नाजूक आयुष्य आमच्या नशिबी कुठलं! कारखान्यातल्या फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीलगत दोन लांब लोखंडी सुळे असतात ना, त्यांतला डावा मी. उजवा माझा जोडीदार. तो कधी बोलत नाही, सगळं मलाच बोलावं लागतं. खरं म्हणजे आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. लाल झालो होतो, कुणीतरी वाकवलं आणि तेलात बुडवलं, एवढंच आठवतं. पुढची वीस वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात गेली. तीन पाळ्यांत काम. पिंपं उचला, पिंपं ठेवा, पुन्हा तीच उचला. आमचा ड्रायव्हर आमच्यावर खूश असायचा. "ये जोड़ी कभी धोखा नहीं देती," असं तो नव्या माणसांना सांगायचा. ते ऐकून मला बरं वाटायचं. मग एक दिवस नवी गाडी आली, तिच्याबरोबर नवे फोर्क आले, आणि आमची रवानगी बन्सी भंगारवाल्याच्या आवारात झाली. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. दोन पावसाळे आम्ही चिखलात पडून होतो. माझ्या आडोशाला एका मांजरीने पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत.

तिथे आत्माराम आले. तारापूरजवळ त्यांची चिकूची वाडी. माणूस साठीचा, मनाने चांगला, पण एकदा बोलला की मागे न हटणारा. त्यांनी पुढे लोडर लावलेला छोटा ट्रॅक्टर नुकताच घेतला होता. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढचे दोन लोखंडी हात. त्या हातांना माती भरायची बकेट होती. आता बकेट काढून तिथे फोर्क लावायचे, आणि चिकूचे क्रेट फळ्यांच्या पॅलेटवर रचून सरळ टेम्पोत चढवायचे, असा त्यांचा बेत होता. बरोबर त्यांची मुलगी मेघाली होती. तिच्या हातात ट्रॅक्टरबरोबर मिळालेलं पुस्तक होतं.

"बाबा, मनोरच्या दुकानात दाखवले ते आखूड फोर्क घेऊ या ना," ती म्हणाली. "आपल्या ट्रॅक्टरसाठीच केलेत ते. हे बघा, यात लिवलंय, लोडर फक्त चारशे किलो उचलतो."

"त्या काय सळया हायत!" आत्माराम हसले. त्यांनी माझ्यावर टाच आपटून पाहिली. "हे बघ. याला म्हणतात लोखंड. घ्यायचं तर दणकट घ्यावं."

"असली माल है सेठ," बन्सी लगेच म्हणाला. त्याला तर जागा रिकामी करायची होती.

"पण बाबा, फोर्कचं वजनसुद्धा त्या चारशेतच धरायचं असतं."

"लोखंडातलं मला शिकवतेस काय?"

झालं. मेघालीने पुस्तक मिटलं. मित्रांनो, त्या वेळी मी खूश झालो होतो, हे कबूल करतो. दोन वर्षांनी कुणीतरी मला दणकट म्हटलं होतं. पण मुलगी बरोबर बोलत होती. आम्ही दोघं आणि आम्हाला अडकवायची चौकट मिळून दीडशे किलो भरतो. म्हणजे चारशेतले दीडशे आम्हीच खाऊन टाकलेले. त्यात आम्ही लांब. भरलेली बादली छातीशी धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर खांदा निखळायची पाळी येते. तसंच हे.

वाडीत ट्रॅक्टर चालवायचा जिवल्या. मनोरच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा. पावसाचं भात निघालं की दर वर्षी तो आणि त्याची बायको बायडी पोरीला घेऊन विटांच्या भट्टीवर जायची. पोरीची शाळा दर वर्षी अर्ध्यावर सुटायची. या वर्षी जिवल्या ट्रॅक्टर शिकला, आत्मारामांनी त्याला बारमाही ठेवला, बायडीला चिकू निवडायचं काम दिलं, आणि पोरगी इथल्या शाळेत जाऊ लागली. दुपारी डबा खाताना बायडी माझ्यावरच टेकायची. "अवंदा भट्टी नाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

पहिल्याच दिवशी घोळ कळला. बारा क्रेटपर्यंत ठीक होतं. चौदावा चढला आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर नुसती टेकल्यासारखी झाली.

"शेठ, मागनं हलका होतो," जिवल्या म्हणाला. "बारावरच रव्हू द्या."

"दोन क्रेटसाठी टेम्पो ताटकळत ठेवू? मागं कुणाला तरी उभं कर की वजनाला."

मित्रांनो, ही आपल्याकडची जुनी खोड. ट्रॅक्टर मागून उचलला की मागच्या दांडीवर एकदोन माणसं चढतात, सीटला धरून उभी राहतात, वर हसतखिदळत गप्पाही मारतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या दिवसापासून जवळ असेल तो चढायचा, आणि बहुतेक वेळा जवळ असायची ती बायडी. जिवल्याला ते पटत नव्हतं. लोडर उचलायचा लिव्हर तो अडखळत, जपून ओढायचा, ते मला लोडरच्या हातांतून कळायचं. पण नाही म्हटलं आणि काम गेलं, तर पुन्हा भट्टी. म्हणून तो ट्रॅक्टर पुढे काढायचा. मी तर काय, लोखंड. ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे बाबांनो, मला उतरवा, मीच जड आहे! पण कोण ऐकणार?

जानेवारीतली सकाळ होती. टेम्पो फाटकाशी उभा होता. चौदा क्रेट माझ्यावर, ते टेम्पोच्या उंचीइतके वर उचललेले, आणि मागे बायडी. वाटेत झाडांना पाणी सोडायचा पाट आडवा जातो. तो नेहमी कोरडा असायचा, त्या दिवशी ओला होता. पुढची चाकं त्यात घसरली आणि मी खाली झुकलो. मागची बाजू हातभर वर उचलली गेली. बायडी मागच्या चाकाशी फेकली गेली. जिवल्याने घाबरून लिव्हर एकदम खाली ढकलला, क्रेट धाडकन खाली आले, चिकू चौफेर उधळले, आणि मागचं चाक परत जमिनीवर आलं, ते तिच्या पायावर.

तिची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. वीस वर्षांत मी एकही पिंप पाडलं नव्हतं.

आत्मारामांनीच तिला उचलून गाडीत घातलं. पालघरच्या दवाखान्यात दिवसभर ते बाकड्यावर बसून होते, म्हणे. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आठवड्याने प्लास्टर घालून बायडी परत आली आणि वाडीतल्या खोलीच्या ओट्यावर खाटेवर पडून राहिली. जिवल्याने बोचकं बांधायला घेतलं. आत्माराम समोर येऊन उभे राहिले.

"चूक माझी हाय रे," ते म्हणाले. "पोरगी सांगत व्हती, मी ऐकलं नाय. तिच्या औषधपाण्याचं, बसून काढील त्या दिवसांच्या पगाराचं, समदं माझ्याकडे. पण तू जाऊ नको."

जिवल्याने बोचकं बाजूला ठेवलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "शेठ, आजपास्नं मागं माणूस उभा रहायचा नाय. कुणीच नाय. असं आसंल तर मी चालवीन. नायतर आमची भट्टी बरी."

"नाय राहणार. शब्द देतो."

मेघालीने दुसऱ्याच दिवशी मनोरहून ते आखूड, हलके फोर्क आणले. हलक्यांनी जास्त क्रेट उचलले जाणार होते, बघा! आम्हाला चौकटीवरून उतरवून ओट्याखाली टाकलं. मला वाईट वाटलं नाही. उलट, सुटलो एकदाचा, असं वाटलं.

"पण मागं थोडं वजन लागंलच," मेघाली पुस्तक बघत म्हणाली. "पेटी करून दगड भरावे का? आणि या जुन्यांचं काय करायचं? बन्सीला परत द्यायचे?"

खाटेवरून बायडी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "बाय, ते जड हाय म्हनूनच ना माझा पाय मोडला? मंग त्यांनाच मागं बांधा. माझ्या जागी."

आत्मारामांनी मान खाली घातली.

बोईसरच्या वेल्डरने आमचे तुकडे केले. दुखलं का? खूप दुखलं. मग ते तुकडे एका लोखंडी पेटीत जोडून पेटी ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यांना पक्की बसवली. मित्रांनो, आता मी काही उचलत नाही. दिवसभर नुसता जड असतो, तेवढंच माझं काम. पुढे ते हलके फोर्क मजेत क्रेट उचलतात आणि मागची चाकं जमीन सोडत नाहीत. जिवल्या आता लिव्हर बिनधास्त ओढतो.

बायडी अजून लंगडते. तिची पोरगी या वर्षी पहिल्यांदाच परीक्षेला बसली. काल बायडी डबा घेऊन आली, सवयीने माझ्यावर टेकली आणि पेटीवर थाप मारून म्हणाली, "नीट बस हां. हालू नको."

हलणार नाही, बाई.

मित्रांनो, मी थकलोय, माझं फार मागणं नाही. यंत्राला काय जोडायचं ते निवडताना नुसती टाच आपटून पाहू नका, त्याच्या पुस्तकात काय लिहिलंय तेही वाचा. आणि ट्रॅक्टरच्या मागे कुणी वजनाला उभं दिसलं, मग ते हसत का असेना, तर हाक मारून खाली उतरवा. त्यांना सांगा, इथे लोखंड ठेवा. आमच्यासारखं भंगार गावोगाव पडलंय, आणि आमचा पाय मोडत नाही.