मोगलाईतला वाघ

आमच्या गावाला परदेश फार जवळ. पैनगंगेच्या अलीकडे आमचं इंग्रजी वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. राजा वेगळा, रुपया वेगळा. उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून परमुलखात जाता येतं, पण रामकिसन पाटलांनी तयारी केली ती विलायतेला निघाल्यासारखी. कारंज्याहून खाकी कपडे शिवून आणले, नवी रायफल घेऊन पारावर बसले आणि मिशीला पीळ देत बोलून गेले, "मोगलाईतला वाघ मातीत लोळवला नाही, तं मिशी उतरवून टाकीन!"

मिशी हीच पाटलांची खरी इस्टेट. चतुराबाईंनी लग्नात होकार दिला तो मिशीला, असं अख्खं गाव म्हणे. पाटलांचा साळा जगदेव मोठा खट. त्यानं त्याच दिवशी न्हाव्याला वस्तऱ्याला धार लावायला सांगितलं.

निघताना चतुराबाईंनी भाकरी आणि ठेच्याची पुरचुंडी दिली. पाटील नदी उतरले, तर पलीकडे नाका. तिथल्या मुनशीनं रायफल उलटसुलट पाहिली, नळीच्या तोंडाला कापड बांधलं आणि वर लाखेची मोहर ठोकली.

"बंदूक ले जाव. मगर मोहर टूटी, तो तुम अंदर."

परत फिरावं, तर अलीकडच्या काठावर जगदेव हात हलवत उभा! पाटील तशीच बंदूक घेऊन पुढे गेले.

वाट दाखवायला तिकडच्या तांड्यावरचा सोमला होता. धुळीपासून जपायला बंदुकीचं तोंड बांधलंय, असं त्याला वाटलं. डोहाकाठच्या झाडावर मचाण बांधून दोघं बसले. ऊन कललं आणि खरोखरच वाघ पाण्यावर आला.

"पाटील, काढा बार!" सोमला कुजबुजला.

"मोहर हाय ना बाप्पा त्याच्यावर!"

"मंग आनली कायले?"

"लोकाईले दाखवाले!"

हे जरा मोठ्यानं झालं. वाघानं वर पाहिलं आणि झाडाखाली येऊन पुढचे दोन्ही पंजे झाडाला लावले. पाटलांनी हाताला लागलं ते खाली फेकलं. ती पुरचुंडी होती. ती नेमकी वाघाच्या नाकावर फुटली.

वाघ शिंकला. पुन्हा शिंकला. मग नाक मातीत घासत या कुशीवरून त्या कुशीवर गडबडा लोळला आणि शेपूट घालून पळाला. बिचाऱ्याची मला आजही कीव येते.

मोहर शाबूत पाहून मुनशीनं पाटलांना सलाम ठोकला. इकडे काठावर सगळं गाव जमलेलं, जगदेव न्हाव्याला घेऊन हजर.

"कातडं कुठं हाय, भाऊजी?"

"लोळवीन म्हनलं होतं," पाटील छाती काढून म्हणाले. "मारीन कोनं म्हनलं? इचार सोमलाले!"

पोचवायला आलेला सोमला चतुराबाईंकडे पाहत, हसू दाबत म्हणाला, "लोळला ना! गाढवावानी लोळला. ठेचाच तसा होता, वयनी."

मग काय, ठेच्याची सगळी हकिगत बाहेर आली. न्हावी वस्तरा उघडून चतुराबाईंकडे पाहू लागला. पाटलांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

"राहू द्या मिशी," चतुराबाई म्हणाल्या. "शब्द तं खरा झाला हाय. पन वाघ माह्या ठेच्यानं लोळवला. याच्यापुढं मिशीले ताव द्याचा असन, तं मले इचारून देत जा."

पाटलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सवयीनं हात वर गेला आणि मिशीपाशी येऊन थांबला.

"देऊ का?" त्यांनी विचारलं.