मागातून काढलेली मुलगी

मब्रूका सकाळपासून बदाम सोलत बसली होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. शेजारच्या फद्दीलाची चादर आज मागावरून उतरणार होती. चादर उतरताना बाईला मागातून उलट काढलं की बंद सुटतो. आणि लेक नेमकी आजच ट्यूनिसहून माहेरी आलेली!

"उम्मी, बसनं अंग आंबलंय माझं," दलेंदा म्हणाली.

"मागातून जायला काय डोंगर चढायचाय? लग्नाला आठ वर्षं झाली. तुझी सासू मला बघितलं की मान फिरवते."

"सगळ्यांनाच बघून फिरवते. आखडलीये तिची."

मब्रूका हसली नाही.

इकडे गफ्सात मुलगी वयात यायच्या आधी तिला मागातून काढत. 'मी भिंत, परका पुरुष दोरा' असं तिच्याकडून वदवून घेत. मग कुणी तिच्या वाटेला जाऊ शकत नसे. लग्नाच्या आधी, जिनं बांधलं त्याच बाईनं तिला उलट काढून तो बंद सोडवायचा. दलेंदाला वसीला नावाच्या विणकरणीनं बांधलं होतं. लग्न ठरेपर्यंत वसीला वारली आणि मब्रूकानं दुसरीकडून काम उरकलं. पुढे लग्नाच्या रात्री काही होईना, आणि नंतरही कित्येक वर्षं होईना, तेव्हा मब्रूकानं दोष आपल्या पदरात घेतला. बांधलं एकीनं, सोडलं दुसरीनं. चूक आईची.

दलेंदाला खरं ठाऊक होतं. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तिला विचारून मिटत नाही, तसे नवरा जवळ आला की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळतात, असं ट्यूनिसच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात. त्यात हट्ट नाही, नखरा नाही, नवऱ्याबद्दलचा राग नाही. श्वासाचे व्यायाम, धीर आणि नौफलसारखा घाई न करणारा नवरा, एवढ्यावर ती हळूहळू बरी झाली होती. त्यालाही आता दोन वर्षं होत आली. मूल अजून नव्हतं, म्हणून आईला काही कळायचं कारण नव्हतं.

सांगितलं का नाही? त्या जागेला या घरात नावच नव्हतं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, भीती कुठून आली असेल? पुष्कळ जणींना सांगता येत नाही, म्हणाल्या. दलेंदाला मात्र लगेच आठवलं होतं: सायकलवर बसू नकोस, उडी मारू नकोस, पाय जवळ घे. आईचाच आवाज. आईला एका दोषातून सोडवायचं तर दुसरा तिच्या हातात द्यावा लागणार होता. त्यापेक्षा मागातून जाणं सोपं.

"वाक गं, दांडीला कपाळ आपटलं तर जावयाला काय सांगू?" फद्दीला म्हणाली.

दलेंदा वाकली. 'मी दोरा, नवरा भिंत' असं पुन्हा पुन्हा म्हणाली. पलीकडे उभ्या मब्रूकाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

जेवताना मात्र मब्रूकानं घास परत ताटात ठेवला. "वसीला असती तर खात्री असती. मीच घाई केली. लग्न महिनाभर पुढे ढकललं असतं, तिच्या बहिणीला शोधलं असतं..."

दलेंदानं तिचं ताट उचललं. "पड जरा, उम्मी. किती दमलीस."

पहाटेच्या अजानला मब्रूका उठली नाही.

दुपारपर्यंत घर बायकांनी भरलं. आतल्या खोलीत न्हाऊ घालणारी म्हातारी, फद्दीला आणि दलेंदा तिघीच होत्या. दलेंदा पाणी ओतत होती. म्हातारीनं कापूर कालवला. "काही राहिलं असेल तर आता माफी मागून घे, पोरी. कफन बांधायचंय."

"माफी नाही, सांगायचं राहिलंय."

"मग सांग की."

दलेंदानं तांब्या खाली ठेवला. फद्दीलासमोर कसं बोलायचं, हा विचार आला आणि तसाच गेला.

"उम्मी, बंद नव्हताच. ना वसीलाचा, ना कुणाचा. माझं अंग भीतीनं आवळायचं, त्याला उपाय होता, मी केला. केव्हाची बरी झालेय मी. भीती तुझ्याकडून आली, तुला तुझ्या आईकडून आली असेल. पण लग्नाची घाई तू केली नव्हतीस, उम्मी. सोडणारी बाई चुकीची नव्हती. तुझं काही चुकलं नव्हतं. कालच सांगायला हवं होतं. मला फक्त फार कंटाळा आला होता गं बोलायचा."