मुकादमचं मलम

मलमाची ट्यूब संपत चालली होती, आणि ती कुठे संपतेय हे मला काही केल्या कळत नव्हतं. मी काही वेंधळी बाई नाही. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. कोटाला किती अस्तर लागेल ते माणूस दारात उभा राहिला की सांगते. आणि कोंबडीच्या एवढ्याशा पंजाला किती मलम लागतं ते मला कळू नये?

कोंबडी म्हणजे आमची मुकादम. नाव सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी ठेवलेलं. त्यांचा सगळा जन्म शिडीवर उभं राहून लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला आणि खाली ऐटीत फिरणाऱ्या मुकादमाची बोलणी खाण्यात गेला. ही कोंबडी परसात अगदी तश्शी फिरते, मान वर काढून, सगळ्यांच्या कामात खोट काढत. म्हणून मुकादम. बाकीच्या दोघींना नावंच नाहीत. बाबा हिला मांडीवर घेऊन बसतात आणि जुन्या मुकादमाला द्यायच्या राहिलेल्या शिव्या हिला देतात, पण लाडाने.

तर ही बया लंगडायला लागली. उचलून पाहिलं तर तळव्याला टरटरून सूज, आणि मधोमध काळी खपली. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. त्यांनी फोन करून सगळं नीट समजावलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवा, खपली मऊ पडून आपसूक सुटेल तेवढीच काढा, मलम लावून पट्टी बांधा, कोरड्या भुश्यावर ठेवा. घरी ब्लेड अजिबात चालवायचं नाही. सूज वर चढली तर लगेच घेऊन या, मग जिवाशी गाठ आहे.

बाबा शेजारीच उभे होते. "म्हणजे कापायचं नाही ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. तरी पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

"अहो बाबा, कोंबडीचा पाय आहे!" मी वैतागून म्हटलं. मग माझीच मला लाज वाटली. त्यांच्या बरोबरीच्या रंगाऱ्याचा पाय नुकताच गुडघ्याखाली काढला होता, साखरेपायी. बाबा त्याला दवाखान्यात भेटून आले तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. साखर यांनाही आहे. मला वाटलं, मित्राची आठवण झाली असेल.

मग रोज संध्याकाळी आमचा दवाखाना सुरू झाला. बाबा मुकादमला जुन्या टॉवेलात गुंडाळून धरायचे आणि टॉवेलाचं टोक तिच्या डोळ्यांवर ओढायचे. डोळे झाकले की कोंबडी गप्प होते, अगदी गरीब गाय. मी तिचा पाय टबात धरून बसायची आणि तोंडाने चालू ठेवायची, "झालं हं बाई, कुणी कापत नाही तुला, घाबरू नको." बाबा मान हलवायचे. पट्टी ती चोचीने ओढून काढते म्हणून शेवटी मी टोकाला एक टाका घालायची, मशीनवर त्या दिवशी जो दोरा असेल त्याचा. दुसऱ्या संध्याकाळी मीच तो उसवायची.

सूज उतरत होती. मलम मात्र दुप्पट वेगाने उतरत होतं. सकाळी टब ओला दिसायचा. मिठाची पिशवी हलकी लागायची. माझं डोकंच चालेना.

पहिला संशय नवऱ्यावर. तो बेकरीत भट्टीवर असतो, हाताला चटके बसतात. मी सरळ विचारलं, "अहो, कोंबडीचं मलम तुम्ही फासताय का हाताला?"

"मला काय वेड लागलंय?" तो म्हणाला. "तूच दोनदा लावत असशील आणि विसरत असशील. परवा चहात साखर दोनदा घातलीस."

हसण्यावारी बोलला तो, पण मी चरकले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बाहीला उलट बाजूने कॉलर जोडायला निघाले होते मी, बाहीला! खरंच मीच लावते आणि मीच विसरते की काय? रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठून कापडावर खुणा करायच्या खडूने ट्यूबवर रेघ मारली. दुपारी पाहते तो मलम रेघेच्या बरंच खाली गेलेलं. म्हणजे मी वेडी नव्हते, पण मग काय होतं ते काही उमगेना. शेवटी बाबांना विचारलं.

"मीच बदलली सकाळी पट्टी," बाबा म्हणाले. "तू मशीनवर होतीस, म्हटलं कशाला उठवा."

मला एकदम हायसं वाटलं. संध्याकाळी मुकादमला उचललं आणि पट्टी उसवायला कात्री घातली, तर टाका माझाच! कालचा जांभळा दोरा, माझीच गाठ. बाबांना चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे पट्टीला कुणी हातही लावला नव्हता. मग बाबा खोटं का बोलले? कोंबडीच्या पायावरून सत्तरीचा माणूस सुनेशी खोटं बोलतो? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टॉवेल नीट करत होते. माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू, पण धड भांडताही येईना, कारण भांडू कशावरून हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनची विजेची मोटर तशीच चालू सोडली, मी कामावरच आहे असं बाबांना वाटावं म्हणून; पाय दाबला नाही तरी ती नुसती घुर्रघुर्र करत राहते. आणि मी मागच्या दाराने परसात गेले.

बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवर मुकादम. आणि टबात त्यांचा स्वतःचा पाय. बाजूला मोजा पडला होता. एवढ्या उकाड्यात हा माणूस मोजे घालून का फिरतो, असं मनात यायचं माझ्या, आणि म्हातारपण म्हणून मी सोडून द्यायची. आता कळलं. करंगळीखाली जखम होती आणि भोवतीचं सगळं काळंनिळं पडलं होतं.

"बाबा!" मी ओरडलेच. "कोंबडीचं औषध लावताय? अक्कल गहाण टाकलीय का?" सासऱ्यांना असं बोलतात का कुणी? पण मी बोलले, आणि बोलता बोलता रडायलाच लागले.

ते शांतपणे मुकादमच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "तिची सूज उतरतेय ना गं," ते म्हणाले. "न कापता. तू रोज सांगतेस तिला. म्हटलं, तिचा पाय वाचला तर माझाही वाचेल. दवाखान्यात नेलंत की ते आधी पायच मागतात."

"मी तिला सांगत होते, बाबा. तुम्हाला नव्हते सांगत."

"मी ऐकत होतो," ते म्हणाले.

मी टबातून त्यांचा पाय बाहेर घेतला. पाय कोरडा केला, स्वच्छ फडकं गुंडाळलं, नवऱ्याला भट्टीवरून बोलावून घेतलं आणि रिक्षा केली. बाबा उंबऱ्यात अडले. मुकादमकडे पाहत उभे राहिले. मी तिला भुश्यावर ठेवलं आणि दार लावलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पाहिली आणि आधी आमच्याकडे रागाने पाहिलं, ते बरोबरच होतं. मग म्हणाले, "पाऊल वाचेल असं वाटतंय. करंगळीचं आज सांगता येत नाही. आधी साफ करू." आणि त्यांनी ट्रेमधून चिमटा उचलला.

बाबांनी माझं मनगट पकडलं. "टॉवेल आणलास का?" त्यांनी हळूच विचारलं.

नवरा चक्रावून माझ्याकडे बघायला लागला. मी आणला होता. निघताना पिशवीत का कोंबला ते मलाही ठाऊक नव्हतं, पण आणला होता. मी तो बाबांच्या डोळ्यांवर ओढला आणि म्हटलं, "झालं हं, बाबा. मी आहे."

ते गप्प पडून राहिले. डॉक्टरांनी काम सुरू केलं.