आप्पांची कमेंट

बसवंतआप्पा फेसबुकवर पत्रं लिहीत. मुलीनं, प्रियदर्शनीनं, बाळाचा फोटो टाकला की त्याखाली ‘चि. प्रियदर्शनी हीस अनेक आशीर्वाद’ अशी सुरुवात, मग निपाणीचं ऊन, गच्चीवरची गळकी टाकी, आणि आईला गुडघ्याला तेल लावायला सांग, असा निरोप. चारशे लोकांसमोर. तिची आई तानूबाई बाळाला सांभाळायला बेंगळुरूला, सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर आली होती आणि आप्पा गावी एकटे होते, म्हणून सगळं कमेंटमध्ये यायचं. ‘आप्पा, फोन करा की,’ असं तिनं कितीदा सांगितलं. पण निवृत्त मुख्याध्यापक माणूस, लिहिल्याशिवाय त्यांना बोलल्यासारखं वाटायचं नाही.

कमेंटांशीच तिचा दिवस जायचा. महादेवपुऱ्यातली एक कंपनी मिक्सर, पंखे, गिझर ऑनलाइन विकायची. कंपनीच्या फेसबुक पेजवर चिडलेली गिऱ्हाइकं जे लिहितील त्याला मराठी, कन्नड, हिंदीतून उत्तर देणं हे प्रियदर्शनीचं आणि आणखी पाच जणींचं काम. नियम दोनच, आणि ते प्रमुख रघुनंदन सरांनी स्वतः शिकवलेले. एका तासात उत्तर द्यायचं, आणि शिवीगाळ नसेल तर कमेंट लपवायची नाही. ‘लपवलं की लोकांना वाटतं आपणच चोर,’ सर सांगायचे.

बाळंतपणाची रजा संपवून ती मार्चमध्ये परतली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आयांसाठी एक छोटी खोली होती. खुर्ची, लहानसा फ्रिज, दाराला आतून कडी. दुपारी वीस मिनिटं तिथं बसून ती पंपानं दूध काढून ठेवायची. एप्रिलमधल्या एका सोमवारी दाराला कुलूप दिसलं. फटीतून पाहिलं तर निम्म्या भिंतींना काळा फोम लागला होता. मोठ्या साहेबांचे व्हिडिओ आता तिथं रेकॉर्ड होणार होते.

हे साहेब कंपनीच्या आतल्या ब्लॉगवर दर आठवड्याला लेख लिहीत आणि शेवटी म्हणत, ‘मनात असेल ते खाली मोकळेपणानं लिहा.’ तिनं लिहिलं, ‘खोली गेली. आता आम्ही कुठं बसायचं?’ अर्ध्या तासात कमेंट गायब. तिनं पुन्हा लिहिली. पुन्हा गेली. तिसरी गेल्यावर लेखाखालची लिहायची जागाच बंद झाली.

शेजारच्या खुर्चीवरची सुप्रीता राजाजीनगरची, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातली. ‘स्वल्प दम धर अक्का,’ ती म्हणाली. ‘यांच्याशी कुणी वाद घालत बसायचं?’

प्रियदर्शनीनं तीन आठवडे दम धरला, बाथरूममध्ये, कमोडचं झाकण लावून त्यावर बसून. एका दुपारी बाहेरून कुणीतरी दार जोरात वाजवलं, ती दचकली आणि बाटली सांडली. संध्याकाळी ती रिकामी बाटली आईच्या हातात देताना तिला रडू आलं नाही, राग आला. तानूबाईंनी तो राग जसाच्या तसा फोनवरून निपाणीला पोचवला.

गुरुवारी कंपनीनं नव्या स्टुडिओचा फोटो पेजवर टाकला. सव्वाअकराला तिच्या स्क्रीनवर उत्तरासाठी एक कमेंट आली.

‘महोदय, स. न. वि. वि. स्टुडिओचे छायाचित्र पाहिले. खोली चांगली आहे. गेल्या महिन्यापर्यंत ती आपल्याकडील लेकुरवाळ्या स्त्रियांना दूध काढून ठेवण्यासाठी होती, असे कळते. आता त्या हे काम शौचालयात करतात. माझा नातू आठ महिन्यांचा आहे. त्याचे दूध शौचालयातून यावे, हे आपणांस योग्य वाटते काय? उत्तराची वाट पाहतो. आपला, बसवंत मास्तर, निपाणी.’

फोन घेऊन ती जिन्यात गेली.

‘आप्पा, काढा ते.’

‘तुझं नाव कुठं घेतलंय मी?’

‘नातू म्हटलंय की.’

‘नातू मला आहे. त्याचं मी विचारायचं नाही काय?’

‘माझी नोकरी आहे तिथं, आप्पा.’

‘तू म्हणत असलीस तर काढतो. पण त्यात चुकीचं काय लिहिलंय तेवढं सांग.’

तिनं कमेंट मनात पुन्हा वरपासून वाचली. ‘राहू द्या,’ ती म्हणाली.

परत आली तर रघुनंदन सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. ‘हे निपाणीचे कोण? हाईड करून टाका.’

‘माझे वडील आहेत, सर.’

सर अवघडले. ‘मग सोपंच झालं. त्यांनाच काढायला सांगा.’

‘सांगून झालं. आता नाही सांगणार. शिवीगाळ आहे का यात?’

‘प्रश्न तो नाही.’

‘नियम तोच आहे, सर. तुम्हीच शिकवलाय.’

‘मी वर विचारून येतो. तोवर हात लावू नका,’ म्हणून ते लिफ्टकडे गेले.

तास भरायला बावीस मिनिटं होती. पाच उरेपर्यंत तिनं वाट पाहिली. सर आले नाहीत. मग तिनं कंपनीच्या नावानं टाइप केलं:

‘नमस्कार. आपण लिहिले ते खरे आहे. ही खोली २१ एप्रिलपासून आयांसाठी बंद आहे. ती परत कधी मिळेल असे आम्ही आतल्या ब्लॉगवर तीनदा विचारले. तिन्ही कमेंट काढण्यात आल्या. आपल्या नातवाची गैरसोय झाली, याबद्दल खेद आहे.’

शेवटचं वाक्य ती दिवसातून चाळीसदा लिहायची. आज पहिल्यांदा ते तिचं स्वतःचं होतं.

उत्तर गेलं. सुप्रीतानं वाकून वाचलं, आपला मोबाइल काढला आणि खाली स्वतःच्या नावानं कन्नडमध्ये लिहिलं, ‘२०१९ साली मीही सात महिने त्याच बाथरूममध्ये बसले.’ जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे बायकांनी लिहिलं होतं.

तीन वाजता एचआरच्या रम्यानं तिला बोलावून घेतलं. ‘ते उत्तर आत्ताच्या आत्ता डिलीट करा.’

‘पासवर्ड तुमच्याकडेही आहे, मॅडम. तुम्ही करा. माझ्या हातानं होणार नाही.’

एवढे लोक बघत असताना ते कुणीच केलं नाही. रम्यानं छापील माफीनामा पुढं सरकवला. प्रियदर्शनीनं तो सावकाश वाचला. ‘परवानगी न घेता लिहिलं, एवढ्यावर सही करते. माहिती चुकीची होती, यावर नाही.’ आणि तिनं त्या ओळीवर आडवी रेघ मारून कागद परत दिला.

नवव्या दिवशी भिंतींचा फोम निघाला. खुर्ची आली, फ्रिज नवा आला. त्याच आठवड्यात तिला पेजवरून काढून तक्रारींच्या ईमेलवर बसवलं. तिथं लिहिलेलं चारचौघांना दिसत नाही.

जूनमध्ये वार्षिक मूल्यमापनात तिची श्रेणी एकानं खाली आली. कारण दिलं होतं, ‘संवादात संयम हवा.’ त्याखाली ‘कर्मचाऱ्याचे मत’ अशी एक चौकट होती. सगळे ती कोरीच ठेवत. हजार अक्षरांची मर्यादा होती. प्रियदर्शनी लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली, कडी लावली, पंप सुरू केला आणि लिहायला बसली. नऊशे शहाण्णव अक्षरं झाली. एकदा वाचून, एकही न खोडता, तिनं ती पाठवून दिली.