बांड्या रेड्याचा कासरा

दोर्कासला बोलू गावच्या जनावरांच्या बाजारात एकटीनं पाठवायची घरच्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही केवळ आईचा गुडघा सुजला म्हणून. भावाच्या नव्या भातकोठाराचं जेवण रविवारी होतं, पाहुणे गावोगावचे यायचे होते, आणि डुक्कर अजून घ्यायचं होतं. अडतिशी उलटलेल्या दोर्कासला घरात कुणी काही विचारत नसे. ती गूळ-तिळाच्या वड्या तळायची, भांडी विसळायची आणि मोठ्यांच्या बैठकीत चहाचे पेले ठेवून मागच्या पावली परतायची. निघताना आईनं तीनदा बजावलं, "काळंच घे. आणि सरळ घरी ये. गप्पा झोडत बसू नकोस."

"मी कुणाशी गप्पा झोडते, आई?" दोर्कास म्हणाली. तेही खरंच होतं.

पण डुक्कर चांगलं मिळालं. काळंभोर, गुबगुबीत, बांबूच्या कामट्यांना आवळून बांधलेलं आणि सारखं कुरकुरणारं. सौदा पटला म्हणून विकणारीनं बांबूच्या नळकांड्यातून गोड ताडी ओतून दिली. दोर्कासनं एक पेला घेतला. मग विकणारी म्हणाली, "एका पायावर घरी जातेस की काय?" म्हणून दुसराही घेतला. सकाळपासून पोटात नुसता भाताचा घास होता. ती उठली तेव्हा जमीन जरा मऊ लागली.

तिथून गाड्यांच्या थांब्याकडे जायची वाट रेड्यांच्या मैदानातून होती. शेकडो रेडे चिखलात उभे, शिंगांना तेल चोपडलेलं, अंग धुऊन लखलखीत केलेलं. त्यांच्यामधून हात मागे बांधून हिंडणारी माणसं, विकत घेणारी थोडी आणि नुसती बघणारी फार. डुकराची कामटी खांद्यावर घेऊन दोर्कास वाट काढत होती, तेवढ्यात हाक आली.

"दोर्कास, अगं ए दोर्कास. देवच पावला."

तो शेजारचा अंबे सांपे होता. सांपेचा बाप, म्हणून सारं गाव त्याला याच नावानं हाक मारायचं. त्याच्या हातात कासरा होता, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा तो रेडा. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, गोटीसारख्या फिकट डोळ्यांचा बांडा. असा रेडा गावात पिढीतून एखादाच निपजतो. अंबे सांपेनं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. पोरगा सांपे तर म्हणायचा, पोरापेक्षा जास्त.

अंबे सांपेचा चेहरा मात्र पिठासारखा झाला होता. "काल रात्री बायकोनं डुकराचं काळं कालवण केलेलं. तीन वाट्या खाल्ल्या. जरा एवढा कासरा धर, मी आलोच."

"मला रेड्यातलं काही कळत नाही, अंबे."

"कळायचं काय त्यात? धरून उभी राहा. कुणी काही विचारलं तर गप्प बस." आणि तो पोट धरून असा धावला की बघणारे बाजूला झाले.

दोर्कासनं डुक्कर रेड्याच्या पायाशी टेकवलं आणि कासरा दोन्ही हातांनी धरला. रेड्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तिचा खांदा हुंगला आणि एक लांब गरम उसासा टाकला. तिला उगीचच फार बरं वाटलं.

पहिला आला तो योएल तांदी. पापुआच्या खाणीत पंधरा वर्षं काढून परतलेला, अंगात कडक नवा शर्ट, बोटात घड्याळाएवढी अंगठी. तो रेड्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काय म्हणतेस बाई? पाचशे."

बाजारात दशलक्ष हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, तो धरूनच चालायचा असतो. एवढ्या रुपियात आपलं घर किती वेळा बांधून होईल याचा हिशेब दोर्कास करायला गेली, आणि मध्येच तिला ताडीची उचकी लागली.

"हं," एवढंच बाहेर आलं.

योएलच्या भुवया वर गेल्या. "हं म्हणे. बरं, साडेपाचशे."

दोर्कास गप्प राहिली. तिला तसंच सांगितलं होतं. पण गप्प राहताना तोंड कसं ठेवायचं ते कळेना, म्हणून तिनं डोंगराकडे पाहिलं. शेजारचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बघ, बघतसुद्धा नाही त्याच्याकडे. कुठल्या घराण्यातली असेल रे?"

बघे जमू लागले. कुणी रेड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे मोजले, कुणी शिंगांचा घेर हातानं मापला. त्या गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. काळा पोशाख, दात सुपारीनं लाल, मागे दोन जावई. ती इंदो रुरू, म्हणजे रुरूची आई, पांगाला गावच्या मोठ्या घरातली. तिनं रेड्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "सहाशे."

"हं," दोर्कासला पुन्हा उचकी आली.

"साडेसहाशे," योएल लगेच म्हणाला.

"अरे, जरा श्वास तरी घेऊ दे मला," म्हातारी म्हणाली. "सातशे."

आता दोर्कासच्या पोटात गुदगुल्या सुरू झाल्या. पन्नास-साठ माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. जन्मात कधी असं झालं नव्हतं. घरी ती बोलायला लागली की कुणीतरी पाणी मागायचं. ती ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती, आणि दाबलेल्या हसण्यानं तिचा चेहरा असा काही दिसत होता की योएल घाम पुसू लागला.

"बाई फार कडक आहे," तो म्हातारीच्या जावयांना म्हणाला. "अशी कडक बाई मी खाणीतसुद्धा पाहिली नाही. साडेसातशे."

एवढ्यात गर्दीच्या मागे अंबे सांपे उगवला. पोट हलकं झालेलं, चेहऱ्यावर रंग आलेला. आपल्याच रेड्याभोवती माणसं का जमलीत म्हणून त्यानं एकाला विचारलं, आणि आकडा ऐकून तो त्याच माणसाच्या खांद्याला धरून उभा राहिला. सहाशे मिळाले तरी देवाला मेणबत्ती लावीन असं तो बायकोला सांगून आला होता. पुढे जावं तरी पंचाईत, कारण तो मऊ माणूस असल्याचं सगळ्या बाजाराला माहीत. त्याला पाहिलं की भाव कोसळलाच म्हणून समजा. म्हणून तो तिथूनच दोर्कासकडे बघून मान डोलवू लागला. हो म्हण. हो म्हण, पोरी.

दोर्कासनं त्याला पाहिलं. आणि तिचं तिलाच कळलं नाही कसं, पण तिनं मोठ्या तोऱ्यात मान आडवी हलवली. नाही.

अंबे सांपे मटकन खालीच बसला.

"आठशे," इंदो रुरू म्हणाली. मग ती काठी टेकत अगदी जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, माझ्याकडे आता याच्या वर नाही. तुला नक्की हवंय तरी काय?"

हा प्रश्न दोर्कासला आजवर कुणी केला नव्हता. तिची उचकी एकदम थांबली.

"कुणासाठी नेताय, इंदो?" तिनं विचारलं.

"नवऱ्यासाठी. दोन वर्षं घरात निजून आहे तो." रेडा कापून मोठा अंत्यविधी होईपर्यंत गेलेला माणूस घरात आजारीच धरायचा असतो, त्याला ताट वाढायचं, हवापाण्याच्या चार गोष्टी सांगायच्या; मग त्या रेड्याच्या पाठीवर बसून तो परलोकी जातो. म्हातारी पुढे म्हणाली, "दर बाजारी इथे यायचा, बरं का. दिवसभर रेडे बघायचा आणि रिकाम्या हातानं घरी. मी म्हणायची, नुसत्या बघण्यानं पोट भरतं का तुमचं? तर म्हणायचा, भरतं. बांडा दिसला त्या रात्री तर जेवायचाही नाही. आता लांबच्या वाटेला निघायचंय त्याला, तर म्हटलं, एकदा बसू दे की आवडीच्या पाठीवर."

बोलताना ती रडत नव्हती. उलट तिच्या डोळ्यांत खोडकर काहीतरी होतं, जणू नवऱ्याला नकळत भेट न्यायची होती.

दोर्कास योएलकडे वळली. "आणि तुम्ही?"

योएल गडबडला. "आजोबांचा विधी आहे. आजोबा मला फारसे आठवत नाहीत. पण गावात नाव व्हायला पाहिजे ना." आणि मग, जरा ओशाळून, "साडेआठशे देऊ शकतो."

अंबे सांपे चिखलात गुडघ्यांवर बसून दोन्ही हात जोडत होता. कुणाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

"इंदोंना दिला," दोर्कास म्हणाली. "आठशेला."

मग मागून त्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, आणि सगळं मैदान हसायला, बोलायला लागलं. योएलनंही हात वर केले आणि म्हणाला, "हरलो बुवा. माझ्या आजीनंही मला हेच सांगितलं असतं."

मग अंबे सांपे चिखल झटकत पुढे आला, आणि खरा मालक कोण ते सगळ्यांना कळलं. इंदो रुरू त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तू असतास तर पाचशेत पटवला असता मी." तो म्हणाला, "साडेचारशेत, इंदो." त्यानं रेड्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि मग एकदम दोर्कासला कवेत घेऊन गरकन फिरवलं. तिचे पाय सुटले, चप्पल चिखलात गेली, आणि दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. आकाश, शिंगं, डोंगर सगळं गोल गोल फिरत होतं.

"पन्नास सोडलेस की गं माझे," तो धापा टाकत म्हणाला.

"सोडले," दोर्कास म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात, गप्प बस म्हणून. मी बोलले. आता रागवा."

"रागवायला श्वास कुठाय? डुक्कर मी नेतो मोटरसायकलवर. तुझ्या आईला काय सांगू?"

तेवढ्यात योएल घसा साफ करत पुढे आला. त्याला अजून रेडा हवाच होता, आणि आपल्या बाजूनं बोलायला अशी बाई हवी होती.

"मला रेड्यातलं काही कळत नाही," दोर्कासनं अगदी खरंखुरं सांगितलं.

गर्दी खो खो हसली. "हेच, हेच ते," योएल म्हणाला. "अशीच बोलते ही."

तिनं अंबे सांपेकडे पाहिलं. "आईला सांगा, मला उशीर होईल," ती म्हणाली, "आणि डुक्कर काळंच आहे म्हणून सांगा." मग चिखलातली चप्पल उचलून, एक पाय अनवाणीच, ती रेड्यांच्या पहिल्या रांगेकडे निघाली, आणि अर्धा बाजार तिच्यामागून.