याच कर्जदाराला पुन्हा?

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं बसलेल्या ऑपरेटरबाईंनी एकही चुकीचा नंबर जोडला नव्हता, आणि हे त्या कुणी विचारलं नसलं तरी सांगत. "थांबा हं, जोडते," एवढंच त्या म्हणायच्या आणि माणसाला माणूस मिळायचा. निवृत्तीनंतर मात्र कानांनीच दगा दिला. दोन्ही कानांची चांगली यंत्रं घ्यायला साठवलेले पैसे थोडे कमी पडत होते, आणि बँकेचं व्याज म्हणजे नुसती थट्टा. तेव्हा भाच्याने मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. आपले पैसे अनोळखी गरजूंना थेट द्यायचे, ते व्याजासकट हप्त्याने फेडणार.

"मावशी, पन्नास तुकडे कर आणि पन्नास जणांना वाट," भाचा कानाशी ओरडला. "एखाद्याने बुडवलं तरी फार लागणार नाही."

"ओरडतोस कशाला? बहिरी आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्याच खिडकीशी बसल्या. यादीत पहिलाच एक किल्लीवाला होता. 'किल्ल्या कापायचं यंत्र हवंय. कानशीने घासून दिवसाला आठच होतात.' माणूस सरळ वाटला. बाईंनी 'द्या' दाबलं. पडदा पुन्हा तसाच आला. पहिला झाला, आता दुसरा, असं समजून त्यांनी परत दाबलं. मोजून पन्नास वेळा दाबलं. फोन दर वेळी बोलून काहीतरी विचारत होता, पण ऐकायला कान कुठे होते?

संध्याकाळी भाच्याने फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, अगं सगळे पैसे त्या एका किल्लीवाल्याला! तो फोन एकोणपन्नासदा विचारत होता, 'याच कर्जदाराला पुन्हा?' म्हणून!"

पैसे परत घेण्याची सोय नव्हती. बाईंचं तोंड एवढंसं झालं. अठरा महिने आता त्यांचे कान एका परक्या माणसाच्या हाती होते.

पाच तारखेला हप्ता यायचा. सातव्या महिन्यात पाच गेली, दहा गेली. बाई दिवसातून दहादा फोन उघडून बघायच्या. सोळाला पैसे आले, दंडासकट, आणि सोबत एक ओळ: 'बोट यंत्रात आलं होतं. उशिराबद्दल माफ करा.' आपल्याला पैशांच्या आधी त्याच्या बोटाची काळजी वाटली, याचा बाईंना जरा रागच आला.

शेवटच्या हप्त्याबरोबर लांबलचक निरोप होता. 'तुमचं नाव मला दिसत नाही. दुकान नाही, नुसती पेटी आहे म्हणून तीन बँकांनी मला परत पाठवलं होतं. इथे एका दुपारी सगळे पैसे आले, तेही एकाच माणसाचे. बायको म्हणाली, कुणीतरी आपल्यावर पन्नास वेळा विश्वास टाकलाय. बोट कापलं तेव्हा तेच आठवून एका हाताने काम केलं. आता स्वतःचं दुकान आहे. तुमचे उपकार कसे फेडू?'

बाईंचे डोळे भरून आले. लगेच लाजही वाटली, कारण हे आभार त्यांचे नव्हतेच. कानांची यंत्रं आली त्या दिवशी त्यांनी खरं काय ते लिहून टाकलं. 'ती माझी चूक होती हो. मला ऐकू येत नव्हतं. तुम्ही इमानाने फेडलंत म्हणून आज मला ऐकू येतंय. आभार मीच मानायला हवेत.'

उत्तर आलं, 'चूक तर चूक. यंत्र तर खरंच आलं ना!' बाई एकट्याच खळखळून हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी आपलं हसू त्यांना ऐकू आलं.

महिन्याभराने यादीत पुन्हा तोच किल्लीवाला दिसला. 'दुसरं यंत्र हवंय. बायको काम शिकली आहे.' कानांची यंत्रं घेऊन उरलेल्या पैशांचे बाईंनी दहा तुकडे केले. पहिला दिला. दुसऱ्या वेळी बोट टेकवताच फोनमधली मुलगी स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "याच कर्जदाराला पुन्हा?"

बाई ताठ बसल्या, बोर्डावर बसायच्या तशा.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "जोडते."