उलटा पीळ

माझ्या विमानाचं इंजिन माझ्या मुलीपेक्षा अकरा वर्षांनी मोठं आहे आणि तिच्यापेक्षा जास्त लाड करून घेतं, असं बायकोचं म्हणणं. दवाखाना बंद करून मी हँगरकडे निघालो की ती विचारते, "सवतीची तब्येत कशी आहे?" मी दातांचा डॉक्टर. कपाळावर बांधायचा दवाखान्यातला दिवा मी इंजिन तपासतानाही बांधतो, आणि खरं सांगायचं तर माणसांच्या जबड्यांपेक्षा मला इथंच जास्त करमतं. इंजिन कुरकुरत नाही, मध्येच तोंड मिटत नाही, आणि आपण केलेलं काम होतं तसं ठेवतं.

निदान त्या मंगळवारपर्यंत तरी ठेवत होतं. दोनच दिवसांपूर्वी मी तेल बदलून नवा फिल्टर बसवला होता. थरथरीनं तो सैल होऊ नये म्हणून बारीक पोलादी तार त्यातून ओवून, दुपदरी पिळून शेजारच्या बोल्टला बांधतात. पक्कड उजव्या हातात असेल तर पीळ एका अंगाला पडतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्याला पीळ बघून माणूस ओळखता येतो. मी झाकण उघडलं, दिवा लावला, आणि फिल्टरची तार उलट्या अंगाला पिळलेली दिसली.

हँगरची एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी मेकॅनिककडे. तो वीस वर्षांचा माझा सोबती, पण मी त्याला उभ्या उभ्याच विचारलं.

"मी हात लावलेला नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "काम मात्र सुबक आहे." एवढं बोलून तो माझ्याकडे उगाच जरा जास्त वेळ बघत राहिला.

मग आम्ही सिलिंडरांचा दाब तपासला. तिसरा सिलिंडर गेली तीन वर्षं माझ्या जिवाला घोर लावून होता. ऐंशी पौंड दाबाची हवा भरली की जेमतेम एकसष्ट धरायचा. त्या दिवशी त्यानं पंचाहत्तर धरली. मेकॅनिक खूश झाला, मी मात्र त्याला दाब पुन्हा मोजायला लावला. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस एकदम जिना चढायला लागलं, तर आनंदाआधी भीतीच वाटते.

शनिवारी माझी मुलगी याच विमानातून पहिल्यांदा एकटी उडणार होती. तेल आणि फिल्टरचं काम मालकानं केलं की इंजिनाच्या वहीत मालकाचीच सही लागते. ती झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही, आणि मी अजून सही केलेली नव्हती.

आमच्या घरात डावखुरी ती एकटीच. तार हे प्रकरणच असं, की ज्या हातात ती धरतो त्या बोटांना टोचल्याशिवाय राहत नाही. जेवताना मी तिची बोटं न्याहाळू लागलो.

"काय बाबा, भविष्य सांगताय?" तिनं दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ होते. मेकॅनिकच्या हातांवरही ताजी खूण नव्हती. शेवटी अंगठीचं निमित्त करून मी बायकोचा हातसुद्धा हातात घेतला. ती इतकी लाजली की मला माझीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हातमोजे चढवताना उजव्या हाताची दोन बोटं चांगलीच चुरचुरली, पण आमच्या धंद्यात हाताला काही ना काही टोचतच असतं.

शनिवारी उजाडताच मी हँगर गाठला. ती तार तोडली, नवी घातली, माझ्या पद्धतीनं पिळली आणि दिव्याच्या उजेडात तीनदा बघितली. मग इंजिनासमोर स्टूल ओढून बसलो. थंडी होती. मी जागचा उठलो नाही, डोळाही मिटला नाही. सही करायची नाही, हे माझं ठरलं होतं. जे इंजिन कोणीतरी माझ्या नकळत उघडतंय, त्याच्या भरवशावर मी पोटची पोर वर पाठवणार नव्हतो. रुसली तर रुसू दे.

साडेनऊला मुलगी मेकॅनिकसोबत आली. तिनं वाकून फिल्टर बघितला.

"बाबा, किती छान बांधलीय! अगदी तुमचा पीळ."

मी पुढे झालो. पीळ उलटा होता.

"हा माझा नाही," मी म्हणालो.

"असं काय करता? तुमचा कायम असाच असतो." ती हसली. "मी तुमच्यावरच तर गेलेय." मेकॅनिक हात पुसत होता, त्यानंही मान हलवली. तिनं वही उघडून माझ्यापुढे धरली. "चला, सही करा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर पेन कागदावर फिरूनसुद्धा झालं होतं. सही वळणदार, कुठेही न अडखळलेली, हुबेहूब माझीच.

"थँक्यू, बाबा!" ती पळाली. मला ओरडून तिला थांबवायचं होतं, पण तोंडातून "सांभाळून जा" एवढंच निघालं. पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं, आणि इतक्या वर्षांत मी त्याचा इतका गोड आवाज ऐकला नव्हता. विमान धावपट्टीवरून उठलं आणि लहान लहान होत गेलं.

मेकॅनिकनं माझ्या डाव्या हातातून पेन काढून घेतलं. उजवा स्टुलावर बसल्यापासून होता तिथंच होता, कोटाच्या खिशात, मूठ आवळून.